पक्की वीट आणि माफ झालेली प्रॅक्टिकल

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी आजही सांगते, ऐकणारा कंटाळला तरी सांगते.

इंटर सायन्सनंतर शिक्षण थांबलं आणि मी भिवंडीत एका डॉक्टरांच्या लॅबोरेटरीत लागले. रक्त काढायचं, काचपट्टीवर पसरायचं, पेशी मोजायच्या, लघवीतली साखर बघायची. डॉक्टरांनी सगळं हाताला धरून शिकवलं. साखर बघायची रीत सोपी होती. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी उकळायची. साखर नसेल तर निळं ते निळंच. असेल तर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फार असेल तर विटेसारखं लाल. आमच्या पडघ्याच्या बाजूला वीटभट्ट्या, त्यामुळे हा रंग मला कोणी शिकवायची गरज नव्हती. नारिंगी म्हणजे कमी भाजलेली, कच्ची वीट, लाल म्हणजे पक्की. मी तसंच बोलायला लागले, आणि बघता बघता डॉक्टर आणि पेशंटही तसंच बोलायला लागले.

एक लूमवाले शेठ नेमाने यायचे. दारातूनच विचारायचे, "बाईसाब, आज क्या रंग है?"

"पक्की वीट, शेठ."

"अरे, थोडी कच्ची कर दो ना. घर में शादी है."

डॉक्टर आतून म्हणायचे, "शेठ, रंग ती नाही लावत. तुमची मिठाई लावते."

अशात एक दिवस डॉक्टरांनीच बातमी आणली. ठाण्याच्या एका कॉलेजात लॅबोरेटरीच्या कामाची पदवी सुरू झाली होती. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल. पण ज्यांनी आधी असं काम केलंय त्यांची परीक्षा घेऊन प्रॅक्टिकल माफ करणार होते.

"सकाळचं मी एकटा ओढतो," डॉक्टर म्हणाले. "पण दुपारी तू नसलीस तर मला दुसरी मुलगी ठेवावी लागेल. तेव्हा बघ, माफी मिळाली तर जा."

म्हणजे माफी मिळाली तर कॉलेज आणि नोकरी दोन्ही. नाही मिळाली तर कॉलेज विसरायचं, कारण नोकरी सोडणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "जे रोज करतीस त्येचीच परीक्षा? मग शिकायचं काय ऱ्हायलं?"

बाबा लॅबोरेटरीच्या समोरच्याच लूमवर कामाला होते. ते म्हणाले, "त्यात काय हाय? आमच्याकडं बी नवा कारागीर आला का शेठ पयलं म्हनतो, तुटलेला धागा जोडून दाखव. गाठ बघतो नि मंगच लूम देतो. हिची बी गाठ बघतील."

परीक्षेला मी आईची चांगली साडी नेसून गेले. ती टेबलाला अडकायला लागली म्हणून पदर खोचला. समोर विभागाचे प्रमुख सर आणि एक मॅडम. रक्त काचपट्टीवर पसरलं, मॅडमनी उजेडात धरून बघितलं आणि "ठीक" म्हणाल्या. पेशी मोजल्या, त्याही जुळल्या. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग सरांनी लघवीचा नमुना पुढे केला. मी नळी उकळली, रॅकमध्ये ठेवली.

"काय आलं?" सर म्हणाले.

"पक्की वीट, सर."

सरांनी चष्मा काढला. "काय आलं म्हणालात?"

तोंडातून शब्द निघून गेला होता, आता गिळता येईना. मी म्हटलं, "पक्की वीट. म्हणजे साखर फार आहे. नारिंगी असती तर कच्ची म्हटलं असतं."

मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. सर म्हणाले, "आणि सिमेंट कधी म्हणता?" पण ते हसत होते. मग विचारलं, "रिपोर्टात काय लिहायचं?"

"चार प्लस. ते डॉक्टर लिहितात, मी रंग सांगते."

"बरं. आता हे सांगा, निळ्याचं लाल का होतं? औषधात असं काय आहे?"

इतकी वर्षं रोज नळी उकळत होते, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी सरळ सांगितलं, "ते मला माहीत नाही, सर. कॉलेजात कळेल म्हणून आलेय."

दोघं हळू आवाजात बोलले. मी टेबलावरचे थेंब पुसत राहिले, दुसरं काय करणार. शेवटी सर म्हणाले, "रक्ताचं आणि सूक्ष्मदर्शकाचं प्रॅक्टिकल माफ. तुमचा हात तयार आहे, तो परत तयार करण्यात अर्थ नाही. रसायनशास्त्राचं मात्र माफ नाही. शनिवारी दुपारी यायचं."

येताना एसटीत बसले तर आनंद की काळजी, काही कळेना. पाच दुपारी वाचल्या होत्या, एक गेली होती. आणि डॉक्टरांनी तर सगळ्या दुपारी मागितल्या होत्या.

लॅबमध्ये जाऊन मी उभ्याउभ्याच सांगितलं. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणाले, "रसायनशास्त्र नाही दिलं ना? बरोबर केलं त्यांनी. ते मी तुला शिकवलंच नाही, मलाच कंटाळा यायचा."

"मग शनिवारचं काय करायचं?"

"शनिवारी दुपारी काय, बंद ठेवू. मीही जरा झोपेन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराला पाटी लावली: शनिवारी दुपारी लॅबोरेटरी बंद. कोणी कारण विचारलं की झोपेचं नाव काढायचे नाहीत. "आमची बाई कॉलेजला जाते," असं रस्त्यापलीकडच्या लूमपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचे. त्या खडखडाटात ते बाबांपर्यंत पोचायचं की नाही, देव जाणे. पण शनिवारी संध्याकाळी बाबा शिफ्ट सुटल्यावर रस्ता ओलांडून यायचे, बंद दाराशी उभे राहून ती पाटी वाचायचे आणि मग घरी जायचे.