घूं आवाज आणि देवघरातला दिवा

आज सकाळी पूजा करताना मी देवाकडे रडकुंडीला येऊन एकच मागणं मागितलं. माझ्या बेस गिटारमागचा तो 'घूं' आवाज जाऊ दे.

मित्रांनो, वारज्यातल्या घरी आतल्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. आठ दिवस प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज येत होता. केबल बदलली, पंखा बंद केला, फ्रिजही बंद केला. बायको म्हणाली, "आता मीच राहिलेय बंद करायची."

नऊला, ज्याच्या गाण्यासाठी वाजवत होतो त्या संगीतकाराचा फोन आला. "दादा, बारापर्यंत रेकॉर्डिंग द्या, नाहीतर बेस कीबोर्डवर वाजवून घेतो." तीस वर्षं बेसच वाजवत आलोय, दुसरं काही येत नाही.

लांब केबल जोडून, हेडफोन घालून, गिटारसकट घरभर फिरलो. देवघरापाशी आवाज वाढला. तिथला विजेचा दिवा! वास्तुशांतीला आईने लावलेला, ती गेल्यावरही आम्ही कधी बंद न केलेला. ज्याच्यासमोर हात जोडत होतो, तिथूनच घूं येत होतं.

बटणावर बोट ठेवून नुसता उभा राहिलो. साडेअकरा वाजले. सांगा, तुम्ही काय केलं असतं?

"अहो, आईंनी दिवा तेवत ठेवायला सांगितलं होतं, बल्ब नाही," बायको म्हणाली आणि तेल घेऊन आली.

मी समई लावली, आईच्या फोटोला नमस्कार केला आणि बटण बंद केलं. घूं थांबलं.