पोळलेल्या नसा आनि गोठ्याचं दार

"टेन्शन घेऊ नका, आत्याबाई." सूनबाई सकाळपासून चालू करती. ते ऐकूनच डोकं उठतं माजं.

अकोल्याकडं डोंगरात आमचं घर. उन्हाळ्यात एकदा दिवस मावळायला बिबट्या शेरडांच्या गोठ्यात शिरला. मी एकलीच. कोयता घिऊन वरडले, पत्र्याचा डबा बडवला, तवा कुठं त्यो पळाला. रडले न्हाई, कुनाला बोलले न्हाई. भाकरी थापल्या. सकाळी छातीवर जातं ठिवल्यावानी झालं. लेकानं नगरला दवाखान्यात आनलं. काळजाच्या नळ्या बघितल्या तर साफ!

डाक्टरीनबाई म्हनल्या, "आजी, घाबरलं की अंगात एक रस सुटतो. तुमच्या अंगात फारच सुटला. काळजाला पळवणाऱ्या बारीक नसा त्याने पोळल्या. काळीज लवकर सावरेल, नसांना महिने लागतील. पण त्या परत धरतात."

मला पटलं. भाताच्या रोपासाठी आमी राब भाजतो, वाफ्यावर पालापाचोळा जाळतो. आच लई झाली की माती करपती, तिथं काय उगवत न्हाई. मग दमादमानं ती जागा परत धरती.

पन लेकाला दम कुठला! नगरातच सावेडीला त्याच्या फ्लॅटात बसवलं मला. जिना चढले की डोळ्याम्होरं अंधारी. काळीज आपलं एकाच चालीनं, चढ आला तरी पळंना. झाडू धरला की "ठेव आई." भांडं घासलं की "टेन्शन." भाताची लावनी बसल्याबसल्या गेली. वर लेक म्हन्तो, "शेरडं विकून टाकू. मग तुला जायचं कारणच नाही."

"शेरडं माजी जाऊ सांभाळती. तुजं काय खात्यात?"

शेवटी डाक्टरीनबाई म्हन्तील तसं, असं ठरलं. त्यांनी मला पट्ट्याच्या मशीनवर चालवलं. काळीज धडधडाय लागलं.

"आत्याबाई, थांबा!" सून वरडली.

"धडधडू द्या," बाई हसल्या. "चाललं की धडधडायलाच हवं. नसा परत धरायला लागल्यात."

"मंग भात कापायला जाऊ?"

"जा. दमलात की बसायचं."

 लेकानं मग नवी खोड काढली. गोठ्याला लोखंडी दार बसल्याबिगर पाठवायचं न्हाई. नागापूरचा येल्डिंगवाला रोज फोनवर "उद्या" म्हन्तो. तिकडं भात पिवळं पडलंय, जाऊ एकली किती कापंल? आज मीच मोबाईल घेतला आनि त्याला चांगलं झापलं. काळीज असं धडाधडा उडालं!

सून पानी घिऊन पळत आली.

"ऱ्हाऊ दे," म्हनलं. "काळजाचं बरं चाललंय. दाराचं बघा."