गहिनीनाथ गोल्फ शिकला त्याची हकीकत

गहिनीनाथबद्दल लिहा, असं मला ताराबाईंनी म्हणजे त्याच्या बायकोनं सांगितलं. मी जन्मभर पोस्टात शिक्के मारले. लिहायचं म्हटलं की माझा हात जड होतो. पण हा सगळा प्रकार जवळून पाहिलेला माणूस मीच, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलता येईना.

आमचं गाव नेकनूरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. गहिनीनाथ माझा शेजारी. साठी ओलांडलेला, अंगानं काटक, डोक्याला कायम रुमाल. त्याची शेरडं-मेंढरं आहेत आणि थोडी माळाची जमीन आहे. गावात त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी. त्याला कुणी राम राम घातला आणि त्यानं परत केला नाही, असं कधी झालेलं नाही. एकदा मोटारसायकलवरून जाताना दोन्ही हात जोडून राम राम केला आणि गाडीसकट ज्वारीत गेला. मी धावत गेलो, तर आधी ज्वारीतून आवाज आला, "...राम! बरं हाय ना पाव्हणं?"

त्याची मुलगी ऋतुजा पुण्यात नोकरीला. लग्नही तिथल्याच मुलाशी झालं. सासरे सोमेश्वरराव एका मोठ्या कारखान्यातले निवृत्त साहेब. माणूस सज्जन. पण गहिनीनाथ मुलीकडे गेला की रविवारी सकाळी सोमेश्वरराव पांढरी टोपी घालून गोल्फ खेळायला निघत, आणि याच्या हातात टीव्हीचा रिमोट देऊन म्हणत, "तुम्ही आराम करा."

तिसऱ्यांदा असं झाल्यावर गहिनीनाथ तडक माझ्याकडे आला.

"बापू, आराम करायला मी काय बाळंतीण हाय का?"

मी म्हटलं, "त्यांना वाटत असेल तुम्हाला येत नाही."

"मग शिकतो की. मला जिंकायचं न्हाई, काय न्हाई. व्याही म्हणून त्यांच्या बाजूनं चालायचंय. पोरीला वाटलं पायजे, आपला बाप बी बरोबरीचा हाय."

आता बीड जिल्ह्यात गोल्फ शिकवणारा कुठून आणायचा? पण गहिनीनाथची ओळख दांडगी. घाटनांदूरचा राधाकिशन नावाचा माणूस त्यानं शोधून काढला. राधाकिशन वीस-एक वर्षं पुण्यात गोल्फ खेळणाऱ्या साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहत होता. आता गावी येऊन चहाचं हॉटेल चालवत होता. त्याच्याकडे एक लोखंडी गोल्फची काठी आणि तिथल्या मैदानातल्या तळ्यातून काढलेल्या चेंडूंची गोणी होती. त्यानं स्वतः फटका मारून दाखवला तेव्हा चेंडू मागे गेला. शिकवायची पद्धत मात्र त्यानं एका रागीट साहेबाकडून पुरेपूर उचलली होती.

रस्त्याकडेच्या गायरानात शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी राधाकिशननं नियम सांगितला, "मैदानाच्या भाईर तुमी माझे काका. मैदानात मी सर."

"बरं सर."

"पाय खांद्याइतके फाका. कोपर आत. मान खाली. चेंडू गेला तरी मान वर करायची न्हाई. डोकं उचललं की फटका नासला."

गहिनीनाथनं काठी उचलली. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "राम राम, नाथाभाऊ!"

मान वर. "राम राम!" चेंडू जागेवर, आणि ढेकूळ उडून राधाकिशनच्या छातीवर.

"मान!"

पुन्हा काठी उचलली. "राम राम, काका!" पुन्हा मान वर. केजच्या बाजारचा दिवस होता. जीपमागून जीप जात होती आणि प्रत्येक जीपमध्ये ओळखीची चार माणसं. संध्याकाळपर्यंत गायरान नांगरल्यासारखं दिसायला लागलं.

"तुमाला गावात कावून येवढी माणसं वळखतात बे?" राधाकिशन वैतागून ओरडला. मैदानात तो सर होता, म्हणून गहिनीनाथनं तो 'बे' मुकाट्यानं गिळला.

मग त्यांनी तोड काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभं केलं. गहिनीनाथच्या वतीनं सगळ्यांचे राम राम मी घ्यायचे. मला नाही म्हणता येत नाही, तेच माझं दुखणं. पोस्टाच्या खिडकीतसुद्धा मी कधी मान वर करून बोललो नाही. पहिला आला भागवत, दूधवाला. त्यानं लांबूनच हाक दिली, "राम राम, नाथाभाऊ!"

मी घसा साफ केला. "राम राम."

भागवतनं गाडी थांबवली. "तुमाला कुठं घातला बापू? त्यांला घातला."

"ते... त्यांचाच आहे हा. माझ्याकडून."

"त्यांला बोलता येईना का? वारं गेलं का काय अंगावरून?" म्हणत तो गाडी उभी करून गायरानात शिरला आणि गहिनीनाथच्या तोंडासमोर वाकून बघायला लागला. मागोमाग जीपमधले उतरले. दुपारपर्यंत गावात बातमी होती की गहिनीनाथची मान धरली, वर होईना. ताराबाईंकडे दोघी-तिघी विचारपूस करायला आल्या. ताराबाई चिडून गायरानात आल्या.

"मान खाली ठेवा, पर तोंड उघडा की. राम राम म्हणायला डोळे लागतात व्हय?"

बोलून त्या निघून गेल्या. गहिनीनाथ पुन्हा चेंडूसमोर उभा राहिला. मग मान खाली घालून, रस्त्यावर कुणी असो वा नसो, त्यानं काठी वर नेताना मोठ्यानं "राम" म्हटलं आणि खाली आणताना दुसरा "राम". टण्ण असा आवाज झाला. चेंडू ओढ्यापलीकडे गेला. राधाकिशननं नुसता दुसरा चेंडू मांडला. शिव्या सोडून दुसरं काय बोलावं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दोन महिने असंच चाललं. येणारे-जाणारे खूश, कारण राम राम आधीच तयार. फटका असा बसायला लागला की शेरडंसुद्धा ओढ्याच्या पलीकडे चरायचं सोडून अलीकडे आली.

मग आम्ही पुण्याला गेलो. एकट्याला धीर होईना म्हणून त्यानं मलाही नेलं. शनिवारी जेवताना गहिनीनाथ म्हणाला, "उद्या मी बी येतो खेळाया. शिकलोय थोडं."

सोमेश्वररावांचा घास तोंडाशी थांबला. "अं? हो, या ना," ते म्हणाले, पण चेहरा उतरलेला. ऋतुजा माझ्याकडे बघत राहिली. मी आमटीत बघितलं.

सकाळी मैदानावर गेलो. एवढं हिरवं गवत आणि त्यात एक जनावर नाही, हे बघून गहिनीनाथ हळहळला. सगळीकडे शांतता. पहिला फटका सोमेश्वररावांचा. टोपी सारखी केली, हातमोजा चढवला, कंबर हलवली, आणि चेंडू शेजारच्या तळ्यात. दुसरा झुडपात. तिसरा पुन्हा तळ्यात. मी आभाळाकडे बघितलं.

मग गहिनीनाथची पाळी. "राम... राम!" चेंडू सरळ मधोमध जाऊन पडला. लांबून कुठल्याशा म्हाताऱ्या साहेबानं टोपी काढून "राम राम" केला.

गहिनीनाथ माझ्याकडे आला तेव्हा पांढराफटक पडला होता.

"बापू, घात झाला. ह्यांला खेळता येत न्हाई."

"हो. दिसतंय."

"आवं, मी पोरीचा बाप. पोराच्या बापाला हरवलं तर पोरीनं त्या घरात तोंड कसं दाखवायचं? मला हारलं पायजे. पर ह्यांच्या खाली जायचं तर कुठवर जावं?"

खरंच सोपं नव्हतं. त्यानं झाडावर नेम धरला, तर चेंडू झाडाला लागून परत वाटेवर आला. डोळे मिटून मारला, तो सगळ्यात लांब गेला. हरायचं ठरवल्यापासून त्याच्या अंगातला ताण गेला होता आणि फटका जास्तच मोकळा बसत होता. सोमेश्वररावांचा चेहरा लाल होत चालला. परतताना गाडीत गहिनीनाथ मागच्या सीटवर काठी मांडीवर घेऊन गुन्हेगारासारखा बसला होता.

घरी पोचल्यावर सोमेश्वरराव त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"व्याही, तुमचा कोच कोण?"

"राधाकिशन. घाटनांदूरचा. चहाचं हॉटेल हाय त्याचं."

"मी चार वर्षं क्लास लावलाय. इथं आता माझ्याबरोबर कुणी खेळत नाही. एकटाच जातो." मग म्हणाले, "तुम्हाला रिमोट देत होतो ना, ते त्यासाठीच. म्हटलं, व्याह्यांनी बघू नये."

पुढच्याच आठवड्यात सोमेश्वरराव आमच्या गावी हजर झाले. ताराबाईंनी रोज एक गोड केलं. राधाकिशनला गहिनीनाथनं हात जोडून सांगितलं, "सर, पोराचे वडील हायत. जरा दमानं घ्या."

"मैदानात कुणी कुणाचं वडील न्हाई," राधाकिशन म्हणाला आणि साहेबांना असं फैलावर घेतलं की गहिनीनाथ शरमेनं बाभळीमागे जाऊन बसला. सोमेश्वरराव मात्र "यस सर" म्हणत होते. सुधारणा काही नव्हती.

चौथ्या दिवशी राधाकिशन एका लग्नाला गेला होता. साहेबांनी एकट्यानंच सुरू केलं. सात चेंडू मारले, सातही मागे. गहिनीनाथ बघत होता. रुमाल काढला, बांधला. पुन्हा काढला. आठवा चेंडू एका शेळीला चाटून गेला तसा तो उठला आणि ओरडला, "आवं कोपर! कोपर आत घ्या म्हणलं न्हवं! येवढं साधं कळंना का बे तुमाला!"

पोराच्या बापाला बे! गहिनीनाथनं दोन्ही हात तोंडावर घेतले. ताराबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या.

सोमेश्वररावांनी टोपी काढली, घाम पुसला आणि काठी पुढे केली.

"कळंना, व्याही," ते म्हणाले. "तुम्ही धरून दाखवा."

गहिनीनाथ हळूहळू गेला. आधी नुसता जवळ उभा राहिला. मग मागून हात घालून त्यानं साहेबांचं कोपर घट्ट धरलं आणि पोटाशी दाबलं. ताराबाईंनी चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बापू, ही दोघं आता जेवायला काय लवकर येत न्हाईत."