नळीतलं तांबं

त्या हवालदाराला मी माफ केलेलं नाही. बायको जायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, आता तरी सोडा ते. मी म्हणालो, सोडलं. खोटं बोललो. ती गेली त्याला चार महिने झाले. खोटं बोललो त्याचं मला काही वाटत नाही. ती गेली त्याचं वाटतं.

मी चौथी शिकलेला माणूस. एकाहत्तर-बहात्तर साली नगरला बंदुकीच्या नोकरीत होतो. कुठली तुकडी ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. आमच्या गोळीला वरून तांब्याचं कवच असायचं. गोळी सुटली की नळीच्या आतल्या आट्यांना त्या तांब्याचा पातळ थर चिकटायचा. तेलाची चिंदी दोरीला बांधून दिवसभर ओढली तरी तो निघत नसे. तो काढायचं औषध एकट्या हवालदाराकडं, एका बाटलीत. ते तो स्वतःच्या रायफलीला वापरायचा, कारण चांदमारीत, नेमबाजीच्या परीक्षेत, दरवर्षी त्याचा पहिला नंबर यायचा. नाहीतर कोंबडी आणून देणाऱ्याला द्यायचा. मी कोंबडी दिली नाही. मग तो माझ्या नळीमागं पांढरा कागद धरायचा, एक डोळा मिटून आत बघायचा आणि म्हणायचा, "ह्या नळीत तांबटाचं दुकान हाय. सुट्टी बंद."

आमची मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. बायको तिला घेऊन गावी, राहुरीजवळ. नगरहून सायकलीवर निघालं तरी अर्ध्या दिवसात पोचावं एवढ्यावर गाव. मुलीला हगवण लागली, दोन दिवस थांबेना, म्हणून मेव्हणा मला सांगायला फाटकापर्यंत आला. मी हवालदाराच्या पाया पडलो. लिहायला लाज वाटते, पण पडलो. तो म्हणाला, "लेकरं आजारी पडत्यात नि उठत्यात. नळी साफ कर नि जा."

मी दिवसभर नळी घासली. तळहात सोलले. तांबं तसंच. दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या साहेबानं सोडलं. घरी पोचलो तर तिला ओढ्याकाठी पुरून मंडळी परत आलेली. बापाच्या हातची मूठभर माती तिच्या अंगावर पडली नाही. नंतर मी जाऊन टाकली, पण ती नुसती ढिगावर पडली.

आठेक दिवसांनी बायकोनं विचारलं, एवढं कसलं तांबं होतं त्या नळीत? मी सगळं सांगितलं. तिचा बाप कल्हईवाला, गावोगाव भाता घेऊन फिरायचा, आणि ती लहानपणी त्याच्याबरोबर बसायची. मी म्हणालो, हंड्याला लावतो तशी चिंच-मीठ लावून बघतो. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"चिंच तांब्याला बरी. लोखंडाला लावून ठिवली तर लोखंड खाती. बापाची सांडशी अशीच गेली."

मग तिनं बापाकडचा नवसागर कुटला, त्यात चुना आणि पाणी घातलं आणि बाटलीला घट्ट बूच मारलं. कसला वास तो. मुलगी गेल्यापासून तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते तेव्हा आलं. वासानं आलं, असं ती म्हणाली. बाटलीत जुना तांब्याचा पैसा टाकला तर पाणी निळं व्हायला लागलं. ह्यानं पुसा, मग उकळत्या पाण्यानं नळी धुवा, वाळवा, तेल द्या, असं तिनं मला दोनदा बजावलं.

ती बाटली मी नगरला नेली. पहिली चिंदी नळीतून निळीशार आली, मोराच्या मानेसारखी. दुसरीही निळी. पाचवी पांढरी आली. पुढच्या तपासणीला हवालदारानं कागद धरला आणि बराच वेळ आत बघत राहिला. मग कागद घडी करून खिशात घातला आणि पुढच्या रायफलीकडं गेला.

चांदमारीला पंधरा दिवस राहिले होते आणि त्याची बाटली संपली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. शनिवारी तो माझ्या खाटेपाशी आला. खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

"काय लावतूस रं? घरचंच कायतरी असंल."

"साहेब, तुमच्या घरी तांब्याचा हंडा कशानं घासत्यात?"

"चिंचंनं." तो हसला. "आयला, चिंच व्हय?"

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्यानं भटारखान्यातून चिंचेचा कोळ आणला, मीठ घातलं, चिंदी फिरवली. चिंदी हिरवट आली. तांबं सुटत होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यानं विचारलं, भरून किती ठेवायची? मी म्हणालो, "सोमवारपतूर."

एवढाच माझा शब्द. त्यानं नळी खालून बूच मारून कोळानं भरली आणि कोपऱ्यात उभी केली. रविवारभर मी त्या कोपऱ्याकडं बघत होतो. ओतून टाकायला एक मिनिट लागलं असतं.

सोमवारी नळीतून गंजाचा काळा चिखल निघाला. आटे खाल्लेले. वरच्या साहेबानं कागद धरून आत बघितलं आणि रायफल बाद केली. चौकशी बसली, हवालदाराची फीत उतरली. माझं नाव सांगणार कसा? चिंच हा शब्द त्याच्याच तोंडातून आला होता. रांगेत तो माझ्याकडं बघायचा. मीही बघायचो. मला फार बरं वाटायचं.

सुट्टीला घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं एवढंच विचारलं, "त्याला लेकरं हायत का?"

"दोन पोरी."

तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, भाजली, मला वाढली. मग म्हणाली, "म्या तुमाला चिंच सांगितली ती वाचायला. मारायला न्हाई." पुढं ती त्यावर कधी भांडली नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात चिंच आली नाही. आमटीत आमसूल. पाहुणे विचारायचे तर पित्ताचं कारण सांगायची. हंडा राखेनं घासायची, तो काळपटच राहायचा. असं पन्नास वर्षं. मला रोज दोन वेळा ताटात ते आमसूल दिसायचं.

परवा मी बाजारातून पावशेर चिंच आणली. आमटी मला नीट येत नाही, डाळ बुडाला लागली. कोळ जास्तच झाला. तिची ताटली सवयीनं नेहमीच्या जागी मांडली होती, ती उचलून ठेवली. मग जेवलो. दात आंबले. आणखी एक पळी वाढून घेतली.