तांदळाच्या दुकानात उंदीर नव्हता

सुप्याची ती भानगड आठवली की आजही मला माझाच राग येतो. मी तिथे फौजदार होतो. उळवीच्या गाडीवाटेवर एका विधवेचं लहानसं दुकान होतं. मागच्या खोलीत ती दोन लेकींना घेऊन राही. सगळे तिला आक्का म्हणत. दुकानाच्या भाड्यावरच तिघींची चूल पेटायची. आधीच्या एका भाडेकरूने आत दारूचा गुत्ता घातला, दुसरा कुलूप लावून पसार झाला. म्हणून तिसरा तांदळाचं दुकान टाकायला आला तेव्हा ती थेट ठाण्यावर आली.

"साहेब, मानूस भरवशाचा हाय का, तेवढं बगा."

मी शिपायाकरवी त्याच्या गावच्या ठाण्यात तोंडी विचारलं. गुन्हा नाही, असा निरोप आला. मिशीवर हात फिरवत मी म्हणालो, "खुशाल ठेव." अहो, दप्तरात नाव नाही म्हणजे माणूस चांगला, हे इतकं सोपं असतं तर पोलीस हवेत कशाला!

तिकडे भाडेचिठ्ठी कोणी करत नसे. भाडेकरू ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवी. तो फडक्यात बांधून देवळाच्या वाशाला टांगत. दुकान सोडताना त्यानेच तो उतरवून फोडायचा. दुकान ताब्यात असताना फोडला तर वंशाचं वाटोळं होतं, अशी समजूत होती.

त्या वर्षी उळवीच्या जत्रेला जाणाऱ्यांना जंगलात लुटलं गेलं. आम्ही रानं पालथी घालत होतो, वरून साहेबांची बोलणी खात होतो. अशात शेजारची तेलीण उंदरांची तक्रार घेऊन ठाण्यावर आली. शिपाई हसले, मीही हसलो, तशी ती भडकली.

"दात काय काढताय? माझ्या घान्यावर उंदरांनी उच्छाद मांडलाय, आनि भिंतीपल्याड तांदळाचं दुकान, तितं एकबी न्हाई! आसं कुटं आसतंय व्हय?"

माझं हसू जागीच थिजलं. पंचांना घेऊन गेलो. भाडेकरू नव्हता. पोती उसवली. वर भाताचं तूस, आणि खाली यात्रेकरूंच्या घागरी, पाटल्या, चांदीचे करदोटे. दारात उभ्या असलेल्या आक्काने दोन्ही लेकींना मागे ओढलं.

भाडेकरू दुसऱ्या दिवशी काळी नदी ओलांडताना सापडला. पक्का बेरड! दोन दिवस एकच पालुपद. "दुकान आक्काचं, मालबी तिचाच. मी आपला पोती उचलनारा हमाल." लुटारूंची टोळी अजून मोकळी होती, त्यामुळे गावात कोणी तोंड उघडेना. तो भाडेकरूच, असं तेलीण तेवढी बोलली, पण एकटीच्या शब्दावर भागेना. वरिष्ठ म्हणाले, "भाडेकरू असल्याचं लेखी काय आहे? नाही ना? मग उद्या बाईला अटक करा."

आक्काला सांगायला मी स्वतः गेलो. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी म्हनलासा, म्हनून किल्ली दिली. आता ह्या पोरी कुनाकडं ठेवू, तेबी तुमीच सांगा."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आरोपीला देवळात नेलं, पंच बसवले. वाशाचा नारळ खाली घेतला आणि त्याच्या हातात दिला.

"तू भाडेकरू नव्हतास ना? मग हा तुझा नव्हे. फोड."

त्याने नारळ उचलला. हात वर गेला आणि तिथेच थांबला. कपाळावरून घाम ओघळू लागला. आक्का खांबाला धरून उभी होती.

"फोड की रे!" मी ओरडलो.

त्याने नारळ छातीशी धरला आणि ढसाढसा रडू लागला. "न्हाई साहेब. बायकू गरवार हाय माजी. ह्यो नारळ माजाच."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. तसाच त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभा केला. तिथे त्याने टोळीची नावंही सांगितली. आक्काची अटक टळली.

जन्माला न आलेल्या लेकरासाठी त्याचा हात थांबला. समोरच्या दोन पोरींची आई तुरुंगात धाडायला निघताना मात्र त्याला काही वाटलं नव्हतं. माणूस असाच असतो, हे मी पुढेही पुष्कळदा पाहिलं. पण त्या प्रकरणाने मला शिकवलं ते वेगळंच.

महिन्याभराने दुकानाची जप्ती उठली. किल्ली द्यायला मी गेलो आणि म्हणालो, "आक्का, नवा भाडेकरू आला तर सांग, या वेळी नीट चौकशी करतो."

"नगं साहेब," ती किल्ली कमरेला खोचत म्हणाली. "तेलीणबाईला इचारलंय."

मला ते लागलं. लागायलाच हवं होतं.