सही येणाऱ्याचा अंगठा

डॉक्टरांनी यांच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली आणि पाय हललाच नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही तसाच. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, याला गिलन-बारी सिंड्रोम म्हणतात." माझा चेहरा बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. रोगाशी लढणारी अंगातली शक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. लकवा पायापासून वर चढत जातो, डोकं मात्र शाबूत राहतं. बहुतेक माणसं काही महिन्यांनी पुन्हा उभी राहतात. "पण तो छातीपर्यंत चढला तर श्वास अडतो. तेवढं सांभाळायचं आहे."

हे, म्हणजे माझे यजमान, देवळीजवळच्या आमच्या गावात शाळामास्तर होते. आम्हाला एकच पोरगी, लहान. आणीबाणी नुकतीच उठली होती. यांना हगवण लागली, ती बरीही झाली. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. मांडी घालून बसता ना, म्हणून मी यांची थट्टा केली. पुढे हातातला खडू गळून पडायला लागला आणि एका सकाळी हे शाळेच्या पायरीवरच बसले ते उठलेच नाहीत. मुंग्यांवर थट्टा करू नका, एवढं तरी माझ्याकडून शिका.

दवाखान्यात यांना आणलं ते भासऱ्यांनी. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा आवाज त्यांच्या कानावर पडला नव्हता. अंगणात उभं राहून ते हवेला विचारायचे, "चाय भेटंन काय?" आणि मी दाराआडून कप सरकवायची. याला मर्यादा म्हणत, आणि मी मर्यादेची म्हणून गावात नावाजलेली. त्याचा मला तोराही होता.

दवाखान्यात ही मर्यादा भलतीच अडचणीची झाली. ते वॉर्डात आले की मी पदर ओढून व्हरांड्यात जायची. मी आत गेले की ते आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसायचे. यांचं हगणंमुतणं मी काढायची आणि मी नसले की ते काढायचे. वावरात राबणारा तो धिप्पाड माणूस हातात बेडपॅन घेऊन माझ्यासमोरून मान खाली घालून जायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. लाजेनं माझे कान तापत.

एक दिवस नर्सबाईंनी यांची कूस बदलली तर कमरेखाली लालकाळा चट्टा. बेडसोर. एकाच अंगावर पडून राहिलं की तिथली कातडी मरते, त्याला बेडसोर म्हणतात. डॉक्टर तापले. "कूस बदलत राहा म्हणून सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं, मला. दिवसा जवळ असायचे भासरे, आणि त्यांना मी सांगितलंच नव्हतं. कसं सांगणार? डॉक्टर आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाले, "तुमचं भांडण आहे का?" भांडण असतं तर बरं, असं मला वाटलं. भांडणारी माणसं निदान बोलतात तरी.

एवढं होऊनही मी सुधारले नाही. कूस बदलायचं मी यांना सांगायची, हे भासऱ्यांना सांगायचे. ज्याला धड श्वास घेता येत नव्हता, त्यालाच मी माझा निरोप्या केलं होतं.

श्वासाची तपासणी साधी होती. डॉक्टर यांना एका दमात आकडे म्हणायला लावत. मास्तरच ते, पहिल्या दिवशी आकडे भराभर चढले. मग रोज दम अलीकडेच तुटायला लागला. वीसच्या आत तुटला त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "श्वासाचं यंत्र नागपूरला आहे, वेळ पडली तर हलवू. ते दगावतील असं मी म्हणत नाही. पण त्यांचं डोकं साफ आहे, बोलता येतंय, तोवर घरची काही निरवानिरव करायची असेल तर करून घ्या."

निरवानिरव म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर वावर आलं.

आमचं एकच वावर. कापसाच्या पैशावर सासऱ्यांनी घेतलेलं. रजिस्ट्रीच्या दिवशी सासरे म्हणाले होते, "ज्याले सही येते त्याचंच नाव टाका. अंगठेवाल्याले कोनीबी फसोते." थोरल्याला अक्षर येत नव्हतं, धाकटा नुकताच मास्तर झालेला. म्हणून वावर यांच्या एकट्याच्या नावावर झालं. त्यात राबले मात्र भासरे. आमच्या घरची ज्वारी त्याच वावरातली. सासूसासरे गेले आणि कागदाकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. आपल्याच भावात कसला कागद, अशी आमची समजूत. तुमच्याही घरात असं असेल तर आज संध्याकाळीच विषय काढा.

त्याच दिवशी माझा माहेरचा भाऊ भेटायला आला. यांच्याजवळ बसून डोळे पुसले, आणि व्हरांड्यात येऊन मला म्हणाला, "वावर त्याइच्या नावावर हाये. काई कमीजास्त झालं त तुह्या अन् पोरीच्याच नावावर येईन. तू मधात बोलू नको. तसंबी तू भासऱ्यासमोर कुठं बोलतं?"

हे ऐकून मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मला आधी धीर आला. पोरीच्या डोक्यावर छप्पर राहील, एवढंच मनात आलं. आणि लगेच कळलं की मला काहीच करायचं नाही. फक्त गप्प राहायचं, पदर धरून, मर्यादेनं. भासऱ्यांची हयातीची मेहनत माझ्या घरात येईल आणि लोक मला चांगल्या वळणाची सून म्हणतील. व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या बसल्या मला स्वतःची इतकी शरम वाटली की भावानं आणलेली केळी मी नर्सबाईंना देऊन टाकली.

भाऊ गेला तशी मी लिंबाखाली गेले. भासरे मला येताना बघून उठले आणि पाठ करून उभे राहिले. मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "भाऊजी, वावराचं काय करायचं?"

ते वळले नाहीत. मग झाडाकडे बघतच बोलले, "तुमी काऊन चिंता करून राह्यल्या, माय? बापू बरा होते. अन् नाईच झाला त वावर तुमचं. मी वाहीन. माल तुमच्या घरी आनून टाकीन, पोरीचं लगन होयेवरी. म्या त हे कवाचंच ठरोलं."

"अन् तुमचं?"

"माह्यं काय? लोक म्हनून राह्यले, वावरासाठी भावाचं हगनं काढते. म्हनून मी नावच नाई काढलं."

मी गप्प राहून वावर घ्यायला बसले होते आणि हा माणूस गप्प राहून ते द्यायला बसला होता. मी तिथंच मातीत बसून रडले. "अर्धं तुमचं हाये, भाऊजी. तसंच लिहायचं," एवढंच बोलता आलं.

दोघं मिळून वॉर्डात गेलो. एकाच वेळी, पहिल्यांदाच. अर्ध्या वावराचं सांगितलं, ते ऐकून यांचे डोळे भरले. तुटत्या दमात म्हणाले, "मी रोज हेच मनात घोकून राह्यलो. पन लाज वाटे. तुमी म्हनसान, मास्तरनं धीर सोडला."

भासऱ्यांनी वर्ध्याहून वकील आणला. वकिलांनी सांगितलेलं तुमच्यासाठी लिहिते. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. माणूस शुद्धीवर हवा. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी त्याला सही करताना बघावं आणि त्याच्यासमोर स्वतःच्या सह्या कराव्यात. रजिस्ट्री केलीच पाहिजे असं नाही, केलेली बरी. जिवंत असेतो माणूस ते केव्हाही बदलू शकतो. ते लिहिलं म्हणून कोणी मरत नाही. यांच्या नोकरीच्या फंडाच्या कागदावर नॉमिनी म्हणून अजून सासूबाईंचं नाव होतं, त्या जाऊन किती वर्षं झालेली. नॉमिनी फक्त पैसे हातात घेतो, मालक ठरत नाही, हेही तेव्हाच कळलं.

कागद तयार झाला. वावर अर्धं भासऱ्यांचं, अर्धं माझं आणि पोरीचं. वकिलांनी यांच्यासमोर तो वाचून दाखवला. यांनी मान हलवली, पण बोटांत पेन राहीना. मग डॉक्टरांनी मनगटाला आधार दिला आणि सही येते म्हणून ज्यांच्या नावावर वावर झालं होतं, त्यांनी अंगठा उठवला. डॉक्टर आणि वकील साक्षीदार झाले. मी ओल्या फडक्यानं यांच्या अंगठ्याची शाई पुसत होते, तर दारातून भासरे म्हणाले, "काय बापू, झाला ना तूबी अंगठेबहाद्दर?" हे हसले, आणि मीही हसले, भासऱ्यांसमोर, मोठ्यानं.

लकवा छातीपाशी थांबला. नागपूरला जावं लागलं नाही. आकडे पुन्हा चढायला लागले, फिजिओथेरपी, म्हणजे हातापायांचा व्यायाम, सुरू झाला. त्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. हे काठी टेकत शाळेत गेले तेव्हा गावात ज्वारी निसवून कणसं बाहेर आली होती.

मृत्युपत्र माणसाच्या मागं लागू होतं, आणि हे तर बरे झाले होते. म्हणून यांनी ठरवलं की अर्धं वावर आत्ताच रजिस्ट्री करून भासऱ्यांच्या नावावर करायचं. कचेरीत आम्ही तिघं गेलो. यांनी वाकडीतिकडी का होईना, सही केली. भासऱ्यांना अंगठा लावायला सांगितलं तर ते थांबले. हे शेजारीच उभे होते, पण त्यांना नाही, भासऱ्यांनी वळून मला म्हटलं, "माय, काय लिवलं ते वाचून सांगा मले."

कचेरी माणसांनी भरलेली होती. मी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पहिल्या ओळीपासून वाचलं.