शशिकलाबाईंचा लाल टॅग

शशिकला खानझोडे कारखान्यातून निवृत्त झाल्या तेव्हा खात्याने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घरात अशी घड्याळं आधीच तीन होती. माणसाला घरी बसवताना किती वाजले हे सांगणारं यंत्र त्याच्या हातात का देतात, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी कॉम्प्युटर घेणार आहे. गेम खेळायचा. सुटे भाग आणून स्वतः जोडणार."

नीळकंठरावांनी कप बशीत ठेवला. कारखान्याच्या खरेदी विभागात चौतीस वर्षं काढून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, पण ते फक्त कारखान्यापुरतं. घरात विभाग चालू होता.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"म्हणजे जयंताची मुलं सुट्टीत येतील तेव्हा..."

"माझ्यासाठी म्हणते आहे."

दुपारपर्यंत बातमी क्वार्टरांच्या ओळीतून फिरून आली. शेजारच्या सुमनताई योगवर्गाचा फॉर्म देऊन गेल्या. संध्याकाळी हैदराबादहून मुलाचा, जयंताचा फोन. "आई, टॅब पाठवतो ना तुला. त्यावर पत्ते वगैरे खेळ." बाई म्हणाल्या, "पत्ते खेळायला तुझे बाबा आहेत. मला ट्रेलर चालवायचाय." आणि फोन ठेवून दिला. साठीच्या बाईने काय करावं याची यादी प्रत्येकाच्या खिशात तयार असते. शशिकलाबाईंनी ती कोणाकडेही मागितली नव्हती.

ट्रेलरचं असं होतं. नागपूरला आयटीआय करून भोपाळला आलेल्या या मुलीने आधी दहा वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळल्या, आणि मग निवृत्त होईपर्यंत मालतपासणीत काम केलं. तयार झालेला ट्रान्सफॉर्मर पुष्कळ चाकांच्या लांबलचक ट्रेलरवर चढून, माणसाच्या चालीने गेटबाहेर जायचा. कुठे जाणार ते कागदावर असायचं. तो रस्ता बाईंनी कधी पाहिला नाही. शेवटच्या वर्षी एका अप्रेंटिस मुलीने जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर एक खेळ दाखवला, घाटातून अवजड माल नेण्याचा. बाईंनी तीन वळणं नीट घेतली, चौथ्या वळणावर ट्रेलर मालासकट दरीत घातला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. इतकं मनापासून आपण शेवटचं कधी हसलो, हे त्यांना काही केल्या आठवेना.

तेव्हापासून तीन महिने त्या वहीत टिपणं काढत होत्या. कुठल्या मदरबोर्डवर कुठला प्रोसेसर बसतो, कॅबिनेटमध्ये केवढं ग्राफिक्स कार्ड मावतं, सगळ्यांना मिळून वीज किती लागते. सर्वांत जास्त पानं त्यांनी पॉवर सप्लायवर खर्च केली. बाकीचा एखादा भाग हलका निघाला तर यंत्र मंद चालेल, पण हा हलका निघाला तर सगळ्यांना घेऊन जाईल, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"तीन कोटेशन आणतो," नीळकंठराव म्हणाले.

या घरात फ्रिजपासून प्लंबरपर्यंत सगळं तीन कोटेशनांवर आलं होतं. तिघांत ज्याचा भाव कमी तो एल-वन, आणि एल-वनलाच काम, हा नियम. जयंताच्या लग्नातला आचारीही एल-वन होता. त्या जिलबीबद्दल नातेवाईक अजून बोलतात.

राव महाराणा प्रताप नगरातली तीन दुकानं पालथी घालून आले. पट्टीने रेघा मारून तुलनेचा तक्ता केला आणि सर्वांत कमी भाव लाल शाईने अधोरेखित केला. बाईंनी चष्मा लावला.

"यात ग्राफिक्स कार्ड कुठाय?"

"दुकानदार म्हणाला, त्याच्याशिवायही चित्र दिसतं. मग अनावश्यक बाब म्हणून मी वगळलं."

"इंजीन काढून ट्रक स्वस्त केलात की हो!"

कुरकुरत रावांनी कार्ड पुन्हा घातलं. एल-वन तोच राहिला. बाईंचं बोट खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं: पॉवर सप्लाय, लोकल, पाचशे वॅट, कॅबिनेटसोबत.

"हा चालणार नाही."

"पाचशे लिहिलंय ना? तुझ्या वहीतही पाचशेच आहे. एल-वन सोडायचा तर कारण द्यावं लागतं."

"देईन. माल हातात घेऊन देईन."

हे ऐकून नीळकंठरावांचा चेहरा उतरला. हेच वाक्य त्यांनी बावीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं. त्या वेळी त्यांच्या तक्त्यावरून कॉइलमध्ये घालायच्या इन्सुलेशन कागदाचा एक लॉट आला होता, अर्थातच एल-वनचा. शशिकलाबाईंनी तो हातात घेतला, घडी घातली, आणि कागद घडीवर तडकला. त्यांनी लॉटला लाल टॅग बांधला. लाल टॅग म्हणजे नामंजूर. बायकोने नवऱ्याचा माल परत पाठवला, म्हणून सगळ्या टाउनशिपला चघळायला विषय मिळाला. रावांची बढती तोंडावर आली होती. चार रात्री ते जेवताना एकच वाक्य बोलले, "काढ तो टॅग." पाचव्या दिवशी बाईंनी टॅग काढला आणि 'मंजूर'वर सही केली.

राव अधिकारी झाले. तो कागद घातलेली कॉइल मात्र चाचणीत जळाली, आणि 'कारागिरीतला दोष' म्हणून मेमो मिळाला ती गुंडाळणाऱ्या कमलला. कमल म्हणजे बाईंची पहिल्या दिवसापासूनची जोडीदार, एका डब्यात जेवलेली. ती कधी एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बाईंना बरं वाटलं असतं. आता ती जवाहर चौकाजवळ राहते, दिवाळीला फराळ पाठवते. तो फराळ बाईंच्या घशाखाली उतरत नाही.

शनिवारी दोघं एल-वनच्या दुकानात गेली. दुकानदार सुरेश रावांकडे वळूनच बोलू लागला. "अंकल, आंटी को क्या करना है? भजन, वीडियो कॉल? उसके लिए तो ये भी ज़्यादा है।"

"आंटी को ट्रेलर चलाना है," शशिकलाबाई म्हणाल्या. "वो पावर सप्लाय निकालो।"

त्याने खोका काउंटरवर ठेवला. बाईंनी यंत्र बाहेर काढून तळहातावर तोललं. रिकाम्या डब्यासारखं लागलं. वर ठळक अक्षरांत पाचशे होतं. त्यांनी ते उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवून बाजूचा बारीक तक्ता डोळ्यांपाशी धरला.

"बारह वोल्ट पे सोलह एम्पियर। बारह गुणा सोलह कितना हुआ, भैया?"

सुरेश कॅल्क्युलेटर शोधू लागला.

"एक सौ बानवे। प्रोसेसर और कार्ड दोनों इसी पे चलेंगे, और दो सौ से ऊपर माँगेंगे। फिर ये पाँच सौ किसका लिखा है?"

"आंटी, सब यही ले जाते हैं। आज तक कोई शिकायत नहीं आई।"

"आज आ गई।"

बाईंनी पर्स उघडली. कारखान्यातून शेवटच्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट न विचारता आणली होती, एक कोरा लाल टॅग. तो काढून त्यांनी काउंटरवर सरळ केला आणि सुरेशचंच पेन घेऊन रकाने भरले: माल, दोष, निर्णय, सही. मग दोऱ्याची गाठ मारून यंत्राला बांधला. दुकानातली कोचिंग क्लासची मुलं हसू लागली. एकाने फोन वर धरला.

नीळकंठराव कानाशी वाकले. "शशी, काय करून राहिली तू? लोक पाहून राहिले. काढ तो टॅग."

शब्द तेच होते, आवाजही तोच. पण त्या आवाजापुढे गप्प बसणारी बाई आता तिथे नव्हती.

"नाही काढत," त्या मोठ्याने म्हणाल्या. "एकदा तुमच्या सांगण्यावरून काढला होता. तुम्हाला केबिन मिळाली आणि कमलला मेमो. आता मला कापून टाकलंत तरी काढणार नाही."

राव दुकानाबाहेर जाऊन गाडीपाशी उभे राहिले. बाईंनी वही उघडून ओळीने एकेक भाग मागितला, प्रत्येक खोका स्वतः उघडून पाहिला आणि मजबूत, जडशीळ पॉवर सप्लाय घेतला. सुरेश आता त्यांच्याकडे बघून बोलत होता. सामान गाडीत ठेवायला राव एकदा आत आले, तेव्हा त्यांनी टॅग सोडवून खिशात घातलेला बाईंनी पाहिला. फेकून देतील झालं, असं त्यांच्या मनात आलं.

तीन दिवस राव बाहेरच्या खोलीत बसून राहिले. बाईंनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून जोडणी केली. तार वळवायची सवय बोटांत होती. कॅबिनेटमधल्या तारा त्यांनी अशा बांधल्या की एकही पंख्याच्या आड येईना. चौथ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर पंखा ढिम्म. बाहेरच्या खोलीत कोणीतरी मुद्दाम खाकरलं. बाईंनी मागचा खटका पाहिला, तो बंदच राहिला होता. तो टाकला, आणि पंखे फिरू लागले.

दुपारी खेळ सुरू झाला. कुठला माल न्यायचा, असं पडद्यावर विचारलं. यादीत लाकूड होतं, क्रेन होती, आणि ट्रान्सफॉर्मर होता. बाईंनी ट्रान्सफॉर्मर घेतला. गेटमधून त्यांनी ट्रेलर माणसाच्या चालीने बाहेर काढला. गाव मागे पडलं, रस्ता वर चढू लागला, तीन वळणं झाली, आणि तेवढ्यात पडद्यासमोर काहीतरी लाल आलं.

नीळकंठराव शेजारी उभे होते. टॅगची मागची बाजू कोरी होती, ती त्यांनी भरून आणली होती. माल: इन्सुलेशन कागद. दोष: घडीवर तडकतो. निर्णय: नामंजूर. सही: नी. खानझोडे, खरेदी.

बाईंनी ट्रेलर कडेला लावला. टॅग दोनदा वाचला. डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

"तारीख आजची आहे," त्या म्हणाल्या.

"आज लिहिलं, म्हणून आजची."

"माल आज आला नव्हता. तेव्हाची टाका."

राव खुर्ची ओढून बसले. खिशातलं पेन काढून आजची तारीख आडव्या रेघेने खोडली, वर एकोणीसशे शहाण्णवच्या ऑगस्टमधली लिहिली, आणि ऑफिसच्या शिस्तीने खाडाखोडीशेजारी छोटी सही केली. तारीख त्यांना आठवावी लागली नाही.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता उद्या जवाहर चौकात जायचं. हा कमलच्या हातात तुम्ही द्यायचा, स्वतः. मी शेजारी उभी राहीन, पण बोलणार नाही." बाईंनी हँडब्रेक सोडला. "आणि सरका जरा बाजूला. चौथं वळण आलं."